काळ्या चादरीखालचा आकडा

यंत्र आलं त्या दिवशी फीत कापायला अकरा जण होते. फोटोत नीट मोजता येतात. त्या अकरा जणांच्या मागे, दाराच्या चौकटीत, अर्धा खांदा आणि एक कान दिसतो. तो कान मावशींचा.

मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. इस्पितळात जी बाई चादरी बदलते, बेसिन धुते, पेशंटला धरून उठवते आणि जिचं नाव विचारायची कुणाला गरज पडत नाही, ती मावशी. या मावशींनी त्याआधी बावीस वर्षं एक्स-रेच्या डार्करूममध्ये काढली होती. लाल दिव्याच्या उजेडात फिल्म बुडवायची, हलवायची, धुवायची, चिमट्याला टांगायची. रसायनानं नखं तपकिरी झाली ती कायमची. ओल्या फिल्मवर मोडलेलं हाड डॉक्टरांच्या आधी त्यांना दिसायचं, पण ते सांगायचा पगार त्यांना मिळत नव्हता. मग फिल्म बंद झाली, सगळं पडद्यावर दिसायला लागलं आणि डार्करूमला कुलूप लागलं. मावशींना वॉर्डात टाकलं. चार वर्षांनी उजेडाचं हे नवं यंत्र आलं, आणि त्याला अंधारी खोली लागते हे ते आल्यावर लोकांना कळलं. आख्ख्या इस्पितळात अंधारी खोली एकच. कुलूप उघडलं, खोली दिली, आणि खोलीबरोबर मावशीही दिल्या. नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट मिळतं, तशा.

यंत्र काय करतं हे सांगायला मोठ्या लोकांना चाळीस मिनिटं आणि पडद्यावर अठरा चित्रं लागतात. मावशींना एक टॉर्च पुरते. अंधारात टॉर्चवर तळहात धरा, बोटं लालभडक दिसतील. उजेड मांसातून आरपार येतो. येता येता त्यातला काही रक्त गिळतं, काही पाणी गिळतं, काही चरबी. उरला तो मोजला की आत रक्त किती, पाणी किती, ते कळतं. आणि स्तनातली कॅन्सरची गाठ म्हणजे घरात ठाण मांडून बसलेला आयतोबा पाहुणा. आल्या दिवसापासून घरातल्यांचं रक्त पितो. म्हणून गाठीच्या जागी रक्ताचा आकडा चढलेला असतो. औषध लागू पडलं की आधी तिचं रक्त तुटतं. आकारानं लहान व्हायला पुढं कितीतरी आठवडे जातात. तेवढे आठवडे डोळे लावून बसायचं नाही, सुई खुपसायची नाही, चिरा द्यायचा नाही. मुठीत मावेल एवढा दांडा कातडीवर टेकवायचा, आणि औषध चालतंय का नुसतंच केस गाळतंय ते दहा-बारा दिवसांत बघायचं. चालत नसेल तर बदलायचं.

एवढी साधी आणि एवढी चांगली गोष्ट. पण चांगल्या गोष्टीची वाट कशी लावायची याचंही एक शिक्षण असतं, आणि ते पहिल्या वर्गात पास झालेली माणसं प्रत्येक इस्पितळात असतात.

इथं त्यांच्यातल्या एकाचं नाव होतं पेपरवाले. मावशी लोकांनीच ठेवलेलं. हे तरुण डॉक्टर सदानकदा कुठल्या ना कुठल्या संशोधनाच्या पेपरात असायचे. "सध्या पेपरात आहे," "पेपर जायचाय," "पेपर परत आला." झाडूवाल्या काकांना पहिले सहा महिने वाटायचं, बिचारा सकाळी घरोघर पेपर टाकून मग नोकरीवर येतो. म्हणून ते त्याला चहा पाजायचे. यंत्र पेपरवाल्यांचं होतं, म्हणजे यंत्रावरचा पेपर त्यांचा होता. सुरुवातीला दांडा तेच धरायचे. पण एका बाईच्या दोन्ही बाजू मोजायला तास जातो, दर बोटभर अंतरावर दांडा ठेवायचा, थांबायचं, उचलायचा, पुन्हा ठेवायचा, आणि तेही मिट्ट काळोखात. तिसऱ्या आठवड्यात त्यांची पाठ दुखायला लागली. "मावशी, तुम्ही फक्त धरा. मी बटण दाबतो." पेपरात मावशींचा उल्लेख 'प्रशिक्षित कर्मचारी' असा झाला. प्रशिक्षण किती मिनिटांचं, ते लिहिलं नव्हतं. चार मिनिटांचं होतं.

उरलेलं मावशी स्वतःच शिकल्या. कातडीवर पेनानं खुणा केल्या तर दुसऱ्या दिवशी आंघोळीत जातात, म्हणून त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घेतला. बाईच्या छातीवर ठेवून तिचे तीळ त्यावर गिरवायचे, गाठीची कड बोटानं चाचपून गिरवायची, आणि दांडा ठेवायच्या जागी भोकं पाडायची. पुढच्या वेळी तिळावर तीळ बसवला की भोकं बरोबर तिथंच. प्रत्येक बाईचा एक कागद, एक पाकीट. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी दांडा रबराच्या ठोकळ्यावर ठेवून बघायचा. ठोकळ्यात रक्त नसतं, भावनाही नसतात, त्यामुळे तो रोज एकच आकडा सांगतो. नाही सांगितला तर यंत्र बिघडलं समजायचं.

आणि तिसरी गोष्ट चादर. डार्करूमच्या दाराला जो काळा पडदा होता तो उंदरांनी कुरतडलेला. बाहेरच्या ट्यूबलाइटचा उजेड आत झिरपला की यंत्र लाल दिवा लावून कोकलायचं: संपर्क अपुरा, संपर्क अपुरा. नव्या पडद्यासाठी मावशींनी स्टोअरला तीन अर्ज दिले. पहिला हरवला. दुसऱ्यावर शेरा आला की काळ्या रंगाचा पडदा खरेदीच्या यादीत नाही, निळा चालेल का. तिसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. मग मावशींनी जुन्या डार्करूममधली जाड काळी चादर काढली, आणि पेशंट, दांडा आणि स्वतःचं डोकं तिच्याखाली घेऊन मोजायला लागल्या. यंत्र गप्प. पेपरवाल्यांना मात्र त्या चादरीचा वास सहन व्हायचा नाही. बावीस वर्षांच्या रसायनाचा वास तो, नाक मुरडल्यानं जाणार थोडाच!

चादरीखाली एकट्या असताना मावशींनी एक उद्योग केला होता. स्वतःच्या मनगटाच्या वर दांडा ठेवला. आकडा आला. मग जरा दाबला. आकडा घसरला. अजून दाबला, अजून घसरला. दांडा उचलला तर कातडीवर पांढरा गोल. तो बघता बघता पुन्हा गुलाबी झाला. यात न कळण्यासारखं काय आहे? दाबलं की रक्त बाजूला पळतं. नख दाबून बघा, पांढरं होतं. हा खेळ पोरंही खेळतात. तेव्हापासून मावशींचा दांडा असा टेकायचा, जशी दुधावरच्या सायीवर काडी ठेवावी. साय फाटता कामा नये.

या काडीवर एका बाईचा जीव लटकायचा होता, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

ती बाई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश. गळ्यात टेप टाकूनच पहिल्या दिवशी आली, काढायची विसरली होती, म्हणून मावशींनी तिचं नाव टेपवाली ठेवलं. चाळिशीची, सडपातळ, तोंडाची धारदार.

"कपडे कुठवर काढायचे?" तिनं विचारलं.

"कमरेपर्यंत. लाजू नकोस गं, खोलीत काळोखच आहे."

"लाजतेय कोण? मी दिवसाला वीस जणींची मापं घेते. आज कुणीतरी माझं घेतंय, बरं वाटतंय."

त्या दिवशी मोजलं मावशींनी. चादरीखाली, हलक्या हातानं. गाठीच्या बाजूला रक्ताचा आकडा अडतीस, धडधाकट बाजूला एकोणीस. दुप्पट. कागदावर तीळ तीन, गाठीची कड लिंबाएवढी. दुसऱ्या दिवशी तिला औषधाची पहिली खेप लागली. एकूण सहा खेपा द्यायच्या, दर तीन आठवड्यांनी एक, मग ऑपरेशन. बेत असा की आधी गाठ औषधानं मारायची, मग कापायची.

दोन आठवड्यांनी टेपवाली मोजायला आली तेव्हा खोलीत गर्दी होती. बाहेरून एक समिती आली होती, यंत्राचं कसं काय चाललंय बघायला. समितीसमोर दांडा मावशींच्या हातात कसा शोभणार? पेपरवाल्यांनी पांढरा कोट चढवला, मावशींना दाराशी उभं केलं, चादर घडी करून कोपऱ्यात. पडद्यातून उजेड झिरपला. यंत्र कोकललं: संपर्क अपुरा. समितीतला एक जण खाकरला. पेपरवाल्यांनी दांडा कातडीत रोवला, उजेड जायला फटच नको असा. यंत्र गप्प झालं. ते हसून समितीला म्हणाले, "गाठ आत असते ना, त्यामुळे थोडं आत पोचावं लागतं."

टेपवालीनं ओठ चावला. मावशींनी दारातून तो गोल पाहिला. दांडा उचलल्यावर कातडीवर उमटलेला पांढरा गोल, रुपयाएवढा. धडधाकट बाजूला गाठ नाही, आत पोचायचं कारण नाही, म्हणून तिकडं पेपरवाल्यांनी दांडा नुसता टेकवला आणि त्या बाजूची फट स्वतःच्या हातानं झाकली. तिकडं आकडा आला एकोणीस. गाठीवर एकोणतीस.

अडतीसवरून एकोणतीस! समितीनं माना डोलावल्या. दुसऱ्या खेपेनंतर पुन्हा पेपरवाल्यांनीच मोजलं, कारण आता ही त्यांची लाडकी पेशंट झाली होती, आणि एकदा लागलेला दाबायचा हात सुटत नसतो. आकडा चोवीस. आलेख बघा तर घसरगुंडीसारखा. विभागाच्या मोठ्या साहेबांनी आधी तो आलेख पाहिला आणि मग गाठ हातानं तपासली. "मऊ झाल्यासारखी वाटतेय," ते म्हणाले. आलेख पाहिल्यावर बोटांनाही तसंच वाटायला लागतं. मोठ्या स्कॅनला पाच आठवड्यांचं वेटिंग होतं, आणि यंत्र एवढं छान सांगत असताना स्कॅनची घाई कुणाला? तिसरी खेप तीच, सोमवारी दुपारी बाराला, असं ठरलं.

टेपवाली त्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून डार्करूममधल्या मावशींच्या बाकावर टेकली. दोन खेपांनी भुवयासुद्धा गेल्या होत्या.

"मावशी, खरं सांगू? मी रोज टेप लावते. हे असं, काखेपासून. पहिल्या दिवशी होतं त्यापेक्षा अर्धा इंच वाढलंय."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, टेपवर जाऊ नका, आकार उशिरा कमी होतो, आधी रक्त कमी होतं, आणि ते यंत्राला दिसलंय. बोलणं बरोबर असेल त्यांचं. पण कमी व्हायला उशीर लागतो, मान्य. वाढायला कसा काय लागत नाही?"

मावशींनी पाकिटातून तिचा कागद काढला, चादर ओढली, तिळावर तीळ बसवला. गाठीची गिरवलेली कड आत राहिली आणि बोटाखालची कड तिच्याबाहेर गेली. बावीस वर्षं ओल्या फिल्मा बघून गप्प बसायची सवय झालेली. पण तेव्हा मोडलेलं हाड दहा मिनिटांनी डॉक्टर बघणारच असायचा. इथं कुणी बघणार नव्हतं. सोमवारी हिच्या शिरेत तेच पाणी जाणार, जे तिचे केस खातंय आणि गाठीचं काही वाकडं करत नाही. तीन आठवडे अजून. गाठीला तीन आठवडे आंदण.

मावशी पेपरवाल्यांकडं गेल्या.

"डॉक्टर, टेपवाल्या बाईंचं पुन्हा मोजायला हवं. दांडा दाबला गेलाय. दाबला की रक्त पळतं, आकडा खोटा येतो. मी स्वतःच्या हातावर बघितलंय."

पेपरवाल्यांनी स्क्रीनवरून मान न काढता विचारलं, "तुमच्या हातावर? कुणाच्या परवानगीनं?"

"हात माझाच आहे."

"यंत्र तुमचं आहे का? मावशी, हे स्पेक्ट्रल विश्लेषण आहे. त्यामागं गणित आहे. तुमचं काम काय?"

"चादरी."

"मग चादरी बघा. आणि ती काळी आधी फेकून द्या, खोलीला वास मारतोय."

असं आहे बघा. गणिताला मावशींचा विरोध नव्हता. यंत्रालाही नव्हता, यंत्र बिचारं विचारलं त्याचं खरं उत्तर देत होतं. दाबलेल्या मांसात रक्त कमी आहे का? आहे. त्यानं तेच सांगितलं. प्रश्न विचारणारा हात अडाणी होता, आणि त्या हाताला बारा वर्षांचं शिक्षण होतं.

घरी आल्या त्या धुमसतच. मावशींच्या यजमानांचं पंक्चरचं दुकान. आयुष्यभर टायरशी बोलून त्यांचं माणसांशी बोलणंही मोजकंच झालं होतं. मावशींनी भांडी आपटली तेव्हा ते म्हणाले, "कप फोडू नको. झालं काय?"

मावशींनी सगळं सांगितलं. यजमान ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "अगं, हे तर आमच्या हवा मोजायच्या गेजसारखं झालं. गेज वाकडं लावलं की हवा फुस्स होते आणि काटा कमी दाखवतो. नवशिके रोज करतात. मग गिऱ्हाईक भांडतं, माझ्या ट्यूबमध्ये भोक आहे म्हणतोस!"

"मग तुम्ही काय करता?"

"भांडत नाही. भांडून कुणाला पटलंय? त्याच्याच गाडीला गेज लावतो. आधी वाकडं, मग सरळ. त्याच्याच डोळ्यांदेखत. दुसऱ्याच्या टायरवर दाखवलं तर म्हणतो, तो टायरच वेगळा."

मावशींनी कप खाली ठेवला, न आपटता.

सोमवारी सकाळी डार्करूममध्ये दिवाळखोर कंपनीच्या लिलावाला जमावी तशी माणसं जमली होती. इस्पितळाच्या दारात लावायला मोठा फलक करायचा होता: यंत्र, शेजारी मोठे साहेब, खाली टेपवालीचा घसरता आलेख, आणि ओळ, 'ना सुई, ना चिरा, फक्त प्रकाश.' फोटोग्राफर बोलावला होता. टेपवालीला बाराच्या खेपेआधी साडेदहालाच बोलावून बाहेर बाकावर बसवलं होतं, हसऱ्या चेहऱ्याच्या पेशंटचा फोटो हवा म्हणून. भुवया नव्हत्या, तर पेपरवाल्यांनी सुचवलं, पेन्सिलीनं काढता येतील.

मोठे साहेब दांडा हातात घेऊन उभे राहिले, माइक धरल्यासारखा. फोटोग्राफर म्हणाला, "सर, पडदा काळाच दिसतोय. मशीन चालू असेल तर बरं दिसेल."

"चालू करा ना," साहेब म्हणाले.

"साहेब," मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "चालू दिसायला आकडा हवा. आकड्याला माणूस हवा. बाही वर करा, तुमच्याच हातावर दाखवते. फोटोत छान दिसेल."

पेपरवाले पुढं झाले, पण साहेबांनी बाही आधीच वर केली होती. फोटोसाठी माणूस काय काय वर करतो! मावशींनी साहेबांचा हात टेबलावर ठेवला, वर काळी चादर टाकली आणि दांडा टेकवला. सायीवर काडी.

"किती आला साहेब?"

"एकसष्ट."

"आता हलू नका हं." मावशींनी दांडा दाबला. पेपरवाले दाबत तसा, आत पोचायला. "आता?"

साहेबांनी वाचलं. "त्रेचाळीस."

"अभिनंदन साहेब. औषध न घेता अर्ध्या मिनिटात तुमचा गुण आला. अजून दाबू? संध्याकाळपर्यंत साफ बरे व्हाल."

फोटोग्राफर फसकन हसला आणि मग कॅमेऱ्याच्या मागं लपला. मावशींनी चादर काढली. साहेबांच्या हातावर पांढरा गोल होता. तो त्यांनी गुलाबी होईपर्यंत पाहिला.

"सर, हात आणि स्तन यांची तुलना होत नाही," पेपरवाले घाईघाईनं म्हणाले. "ऊती वेगळ्या असतात."

तो टायरच वेगळा! मावशींना यजमानांना तिथल्या तिथं मिठी मारावीशी वाटली.

"नको करायला तुलना," त्या म्हणाल्या. "बाई बाहेर बसलीय. तिच्यावरच मोजू. साहेब, पहिल्या दिवशीचा अडतीस माझ्या हातचा. नंतरचे दोन यांच्या हातचे. गाठीवर रोवलेला, चांगल्या बाजूला टेकवलेला. म्हणून चांगल्या बाजूचा आकडा तिन्ही वेळा एकोणीसच आहे, बघा."

साहेबांनी फाइल मागितली. मोठे साहेब काही उगीच मोठे झाले नव्हते. वाचता येत होतं त्यांना. नुसती वाचायची सवय मोडली होती. तीनही पानं उलटली. एकोणीस, एकोणीस, एकोणीस. मग फोटोग्राफरला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा." आणि मावशींना, "मोजा."

टेपवाली आत आली. मावशींनी तिला सगळं सांगितलं, साहेबांसमोरच, एकही शब्द न गिळता.

"म्हणजे आजवरचं मोजमाप चुकलं होतं?" तिनं पेपरवाल्यांना विचारलं. "एखादीचा ब्लाउज मी असा शिवला असता तर तिनं माझ्या तोंडावर फेकला असता. मोजा मावशी. पेन्सिलीच्या भुवया काढायला आले नव्हते मी."

तासभर चादरीखाली मोजणं चाललं. तिळावर तीळ. भोकामागून भोक. यंत्र एकदाही कोकललं नाही. धडधाकट बाजूला एकोणीस. गाठीवर एक्केचाळीस.

बाराची खेप थांबली. ज्या स्कॅनला पाच आठवडे लागणार होते ते त्याच दिवशी दोन वाजता झालं. मोठ्या माणसाच्या फोननं वेटिंगची रांग कशी विरघळते ते त्या दिवशी सगळ्या रांगेनं पाहिलं. स्कॅनमध्ये गाठ पहिल्यापेक्षा बोटाच्या अर्ध्या पेराएवढी रुंदावलेली दिसली. टेपवालीच्या टेपनं जवळजवळ तेवढंच सांगितलं होतं, आणि तिच्या टेपची फीत कापायला कुणी आलं नव्हतं. आठवड्याच्या आत औषध बदललं.

मावशींचे आभार कुणी मानले का? मानतील कसे. महिन्याभरात खोलीच्या भिंतीवर छापील सूचना लागली, 'दांडा हलक्या व एकसमान दाबाने ठेवावा', खाली पेपरवाल्यांची सही. दाबाचा रक्ताच्या आकड्यावर काय परिणाम होतो यावर त्यांचा नवा पेपर निघाला. त्यात अकरा जणांचे आभार होते. फीत कापायलाही अकराच होते, तेच असावेत. फलकही दारात लागला, दुसऱ्याच कुठल्या तरी बाईचा आलेख टाकून. यजमानांनी विचारलं, "पेपरात तुझं नाव?" मावशी म्हणाल्या, "नाही. पण चादर फेकायचं आता कुणी म्हणत नाही."

हे सगळं नंतरचं. औषध बदललं त्या दिवसांत पडद्याचा तिसरा अर्ज अजून फिरतच होता. नव्या औषधानं टेपवालीला उलट्या कमी झाल्या तशी ती एके दिवशी दाराशी टेप लावून उभी राहिली.

"हे काय गं?"

"माप घेतेय. लांबी साडेसात फूट. दुहेरी शिवते, मध्ये जाड अस्तर घालते. उंदरानं दात मोडून घेतले पाहिजेत."

"स्टोअरवाले ओरडतील. यादीत नाही म्हणून."

"निळी गोट लावते खालून. म्हणावं, तुमचा निळा."

पडदा लागला त्याच दिवशी तिचं मोजायचं होतं. नव्या औषधाला बारा दिवस झाले होते. दार बंद केल्यावर डार्करूम कितीतरी वर्षांनी खरी काळी झाली. चादरीची आता गरज नव्हती. मावशींनी सवयीनं ती ओढलीच.

धडधाकट बाजू एकोणीस. मग गाठ. पहिल्या भोकावर दांडा टेकवला आणि मावशींनी आकडा वाचला. तेहतीस.

त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्याच्या हातावर खोटा आकडा काढून दाखवणं सोपं. स्वतःच्या हातावर खरा आलेला मानणं अवघड. आपण तर दाबला नाही ना? आकडा उतरावा असं आतून वाटत होतं म्हणून हात जड झाला असेल. पेपरवाल्यांना हिणवता हिणवता आपणही तेच करून बसलो असू. त्यांनी दांडा उचलला आणि टॉर्च लावून कातडी बघितली. पांढरा गोल नव्हता. पुन्हा ठेवला, श्वास रोखून, जवळजवळ न ठेवल्यासारखा. यंत्र कोकललं: संपर्क अपुरा. अगदीच वर धरला होता. केसभर खाली. चौतीस. पुन्हा. तेहतीस.

"हललीस का गं?" मावशी दरडावून म्हणाल्या.

काळोखातून टेपवालीचा आवाज आला. "मी नाही हलले, मावशी. तुम्हीच सारखा उचलून ठेवताय. किती आला?"

"गप पड. अजून अकरा भोकं आहेत."

आणि त्यांनी दांडा पुढच्या भोकावर ठेवला.